रिंगा जागच्या जागी होत्या

जुनी मोटार घरी आणून ती पुन्हा चालती करणे हा एक छंद आहे. ज्यास तो जडतो त्याच्या घरच्या माणसांस मात्र तो उपद्व्याप वाटतो. जपानात आणि अमेरिकेत या छंदाचे भक्त पुष्कळ आहेत. १९६९ साली निघालेली डॅटसन २४० झेड, किंवा १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशेच्या आसपास घडलेली टोयोटा २००० जीटी, अशा वेगवान गाड्यांचे सांगाडे परसातील छपराखाली उभे करून ही मंडळी वर्षानुवर्षे गंज खरवडीत बसतात. आमच्या देशात त्या काळी परदेशी मोटारींच्या आयातीवर इतके निर्बंध होते, की असल्या गाड्या रामाकोन्याच्या स्वप्नातही आल्या नाहीत. जपानी वेगाची आणि आमची गाठ पडली ती दोन चाकांवर. तशीच एक गाडी गेली दोन वर्षे आम्ही आमच्या कोठ्यात दुरुस्त करीत होतो. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट दुरुस्त करावी लागली. तिची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

रामाकोना कोठे, असे कोकण-गोमंतकातील वाचक विचारतील. नागपूरहून उत्तरेस सावनेर, लोधीखेडा, सौंसर अशी गावे मागे टाकीत गेले, की कन्हान नदीच्या खोऱ्यात आमचे गाव लागते. पुढे सिल्लेवानीचा घाट चढला की छिंदवाडा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी, घरात मराठी आणि भजनात दोन्ही, असा आमचा संसार आहे. संत्री आणि कापूस ही येथली पिके. छिंदवाडा-नागपूर मार्गावरची छोटी रेल्वेगाडी २०१५ च्या डिसेंबरात थांबली व तेथे पुढे मोठी लाईन आली. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, आणि आम्ही जागचे न हलता जिल्हा मात्र बदलला. त्याच सुमारास, दिवाळीच्या सुटीत, आम्ही कोठ्यातील कडब्याच्या पेंढ्या बाजूस सारून ती मोटारसायकल उजेडात ओढली.

तिचे नाव राजदूत ३५०. राजदूत म्हटले की आमच्याकडे दूधवाला आठवतो. दोन्ही अंगांस कॅन लटकावून पहाटे खेड्यापाड्यांतून फिरणारी ती १७५ ची गाडी मूळ पोलंडच्या नमुन्यावर बेतलेली, कष्टाळू आणि संथ होती. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने त्याच नावाखाली जी दुसरी गाडी आणली, तिचा त्या गाडीशी नावापलीकडे संबंध नव्हता. ती यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, ३४७ घनसेंटीमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि पहिल्या नमुन्यात तिसाच्या आसपास अश्वशक्ती. पेट्रोल फार पिते अशी ओरड झाल्यावर ती शक्ती पुढे सत्तावीसवर आणण्यात आली. जपानी गाडीस पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या गाडीस ड्रम मिळाला. म्हणजे धावण्याची ताकद जपानची आणि थांबण्याची व्यवस्था इथली. ज्या वर्षी ती आली त्याच वर्षीच्या १४ डिसेंबरला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शंभर सीसीच्या जपानी वळणाच्या गाड्यांनी रस्ते भरून गेले. त्या काटकसरी गर्दीत ही उधळी गाडी टिकली नाही. दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले.

आमच्या थोरल्या बंधूंनी ती १९८६ साली संत्र्याचा बहर विकून आलेल्या पैशांतून घेतली. वडील चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या पैशांत विहिरीवर नवा पंप बसला असता, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण दादा संध्याकाळी सौंसरहून निघाले की गाव त्यांना ओळखी. दोन सिलिंडरांचा तो आवाज लांबून आला की चुलीवर भाकरी टाकण्याची वेळ झाली, असे आई म्हणे.

पुढची गोष्ट गावात अशी सांगतात. १९८८ च्या उन्हाळ्यात दादांनी इंजिनातला कार्बन काढून नव्या रिंगा बसविण्यासाठी गाडी गावातल्या मिस्त्रीकडे दिली. काम होऊन आठ दिवसही झाले नसतील, तोच धाकटा भाऊ ती घेऊन छिंदवाड्यास निघाला आणि सिल्लेवानीच्या चढावर इंजिन जाम झाले. मागचे चाक जागीच अडकले, पोरगा रस्त्यावर आपटला, थोडक्यात वाचला. मिस्त्रीने रिंगा चुकीच्या बसविल्या होत्या. मिस्त्री दोनदा घरी आला; “एकदा खोलून पाहू द्या,” एवढेच म्हणत होता. त्यास गाडीला हात लावू दिला नाही, आणि मजुरीही दिली नाही. पोराचा जीव जात होता, ही गोष्ट साऱ्या गावास ठाऊक झाली. त्यानंतर मिस्त्रीकडे मोटारसायकली येणे कमी होत गेले. सायकली आणि पंपाची इंजिने तेवढी राहिली. काही वर्षांपूर्वी तो वारला.

ही गोष्ट ज्याने सर्वांत प्रथम सांगितली, तो धाकटा भाऊ म्हणजे आम्ही.

असो. कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड कसे मरते, हे तिकडील वाचकांस सांगावयास नको. आमच्याकडील कोरड्या उन्हात लोखंड तग धरते, पण रबर मरते. पस्तीस वर्षांनी उजेडात आलेल्या त्या गाडीच्या टायरांस बोट शिरेल अशा भेगा होत्या, बैठकीत उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या, आणि पेट्रोलची टाकी आतून विटेसारखी लाल झाली होती. आम्ही शाळामास्तर, पान्यापेक्षा खडूची सवय अधिक. म्हणून पहिला नियम केला, की जो नट निघेल तो ज्या भागाचा त्या भागाचे नाव लिहिलेल्या डब्यातच जाईल. महिनाभरात घरातील बिस्किटांचे, चहाचे आणि लोणच्याचे सारे डबे संपले, तेव्हा मंडळींनी हळदीचा डबा उचलून आपल्या अंथरुणाशी नेऊन ठेवला. टाकीत नदीवरचे बारीक गोटे आणि पाणी घालून ती आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळ घुसळीत असू. गंजाचे लाल पाणी ओतून द्यावे आणि पुन्हा आरंभ करावा, असे बावीस दिवस चालले. क्रोमचे भाग नागपुरास मुलाम्यासाठी गेले. ऑइल सील, केबली, टायर नवे आले. जुनी गाडी सावकाश दुरुस्त करणाऱ्यास एक गोष्ट कळते. मनुष्य बाहेरचे काम आवडीने करतो आणि आतले काम पुढे ढकलतो. आम्हीही इंजिन खोलण्याचे काम जवळजवळ वर्षभर पुढे ढकलले. आम्हांस सवड नव्हती असे आम्ही सांगत असू. खरे कारण हे, की आत काय दिसेल ते आम्हांस ठाऊक होते.

येथे वाचकांस थोडे यंत्र समजावून सांगितले पाहिजे. साध्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेल साठलेले असते व तेच पिस्टनला पोहोचते. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही. तेल पेट्रोलबरोबरच आत येते, पिस्टनला ओले करते आणि जळून जाते. दूधवाल्याच्या राजदूतमध्ये ते पेट्रोलच्या टाकीतच मोजून मिसळावे लागे. यामाहाने तो त्रास वाचविला. तेलाची वेगळी टाकी दिली, आणि इंजिनावर चालणारा एक छोटा पंप मुठीच्या पिळाप्रमाणे कमी-अधिक तेल सोडू लागला. सोय उत्तम, पण वेगळी टाकी वेगळी पाहावी लागते. ती रिकामी झाली, तर पेट्रोल असेपर्यंत गाडी बिनतक्रार धावते, आणि पिस्टन कोरडा पडून तापतो, फुगतो, आणि एका क्षणी त्याचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या लोखंडाला चिकटते.

प्लगच्या छिद्रांतून रॉकेल आणि तेल ओतून आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. मग लाकडी ठोकळा ठेवून हलके हलके ठोकीत एके दुपारी दोन्ही सिलिंडर वर उचलले. दोन्ही पिस्टनांच्या चारी अंगांस उभे ओरखडे होते, दोन्हींस सारखेच. रिंगेचा दोष असता तर खूण रिंगेपाशी उमटली असती, आणि बहुधा एकाच सिलिंडरात. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत एक बारीक खिळी असते. रिंगेची दोन्ही टोके त्या खिळीच्या दोन बाजूंस बसली पाहिजेत, नाही तर टोक सिलिंडरच्या झरोक्यात अडकून रिंग तुटते. दोन पिस्टन, चार रिंगा, आठ टोके. प्रत्येक टोक खिळीशी नेमके टेकलेले होते. मिस्त्रीचे काम पस्तीस वर्षे अंधारात जसेच्या तसे राहिले होते.

तेलाची टाकी रिकामी होती. १९८८ च्या त्या दुपारी ती रिकामी आहे हे आम्हांस रस्त्याच्या कडेला बसून कळले. दादांनी निघताना सांगितले होते, “तेल पाहून घे.” आम्ही पेट्रोल पाहिले. एका ट्रकवाल्याने गाडी गावात आणून सोडली. रात्री घरचे निजल्यावर आम्ही उसनवारीने आणलेला तेलाचा डबा त्या टाकीत रिकामा केला, आणि सकाळी दादांनी झाकण उघडले तेव्हा टाकी भरलेली होती. तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. एकोणीस वर्षांच्या मुलास क्षमा करणे सोपे आहे. पुढे पस्तीस वर्षे शाळेत मुलांकडून ‘खरे बोलावे’ घोटून घेणाऱ्या मास्तरास ती मागताना संकोच वाटतो.

दादा आता सत्तरीस टेकले आहेत. गुडघे चालत नाहीत, पण भजनी मंडळाची पेटी अजून त्यांच्याच हाती आहे. ती बिघडली की दुरुस्तही तेच करतात. पालिताण्याचे सूर उत्तम, हा त्यांचा जुना आग्रह. आणि सूर चढवावयाचा तर पितळी पट्टी टोकाशी घासावी, उतरवावयाचा तर बुडाशी, हे आम्ही त्यांच्या शेजारी बसूनच शिकलो. इंजिन खोलल्याचे कळल्यावर ते खाटेवर बसून होते तेथूनच म्हणाले, “दाखव, काय निघालं ते.” पिस्टन नेण्याचे धैर्य झाले नाही. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारा एक छोटा ठोकळा होता, तोच आम्ही नेला. त्याच्या खिडक्यांवर पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात. इंजिनाने आत ओढले की त्या उचलतात, आतून दाब आला की मिटतात आणि पेट्रोल मागे उडू देत नाहीत. दादांनी तो उजेडाकडे धरला, एक पट्टी नखाने उचलून सोडली, आणि हसले. “हे तर पेटीचे सूर!”

त्यांस ठाऊक नव्हते, आणि आम्हीही अलीकडेच वाचले होते, की ते अगदीच गमतीने म्हणालेले नव्हते. यामाहा हे एका दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे आडनाव आहे. तोराकुसु यामाहा घड्याळे आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करीत असे. १८८७ साली जपानातील हामामात्सु गावच्या प्राथमिक शाळेचा ऑर्गन बिघडला, तो त्याने नीट केला, आणि करता करता आपणही असा ऑर्गन करू असे त्याच्या मनाने घेतले. केलेला ऑर्गन बांबूला टांगून, एका सोबत्यासह खांद्यावर वाहून त्याने हाकोनेचा डोंगर ओलांडला व तोक्योच्या संगीतशाळेत नेला. तेथील जाणकारांनी वाजवून सांगितले, की सूर जुळलेले नाहीत. तो वाद घालीत बसला नाही. तेथेच सूर जुळविण्याची विद्या शिकला आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन केला. १८९७ साली त्याची वाद्यांची कंपनी उभी राहिली. तिच्यातून १९५५ साली मोटारसायकलीची कंपनी निघाली, म्हणून तिच्या टाकीवर आजही तीन सूरकाटे एकमेकांत गुंफलेले दिसतात. आरंभी उल्लेखिलेल्या टोयोटा २००० जीटीचे इंजिनही यामाहाच्याच साहाय्याने घडले.

आम्ही ही गोष्ट दादांस सांगितली. ते ऐकत राहिले. सूर जुळलेले नाहीत, या वाक्यापाशी आम्ही थांबलो, आणि मग दुसरे सारे सांगून टाकले. तेल, टाकी, रात्रीचा डबा, रिंगांची आठ टोके.

दादांनी तो ठोकळा खाटेवर ठेवला. “मले मालूम होतं,” ते म्हणाले. “डबा कोठ्यामागं सापडला होता. दुसऱ्याच दिवशी.”

“मग काहून बोलले नाही, दादा?”

“बाबा तुले घराबाहेर काढत होते. तू कॉलेजात होता.” बराच वेळ ते पट्टीवर नख फिरवीत राहिले. “मिस्त्रीले पैसे द्यायचे होते, ते मीच नाही दिले. देलो असतो तं कबूल केल्यासारखं झालं असतं.”

म्हणजे ज्यास आम्ही पस्तीस वर्षे फसविले असे समजत होतो, तो फसलेलाच नव्हता. फसले गाव, आणि बुडाला मिस्त्री. आम्ही आपल्या अब्रूसाठी आणि दादांनी आमच्यासाठी, असे दोघांनी मिळून एका तिसऱ्याचे काम खोटे ठरविले होते. प्रेमापोटी केलेला अन्याय हिशेबात कमी धरावा, असे आम्हांस त्या दिवशी फार वाटले. पण ज्याच्यावर तो झाला, त्यास तो कमी कसा लागला असेल?

मिस्त्रीचा मुलगा बसथांब्याजवळ लहानसे दुकान चालवितो; पंक्चर, क्लच, किरकोळ इंजिनकाम. सिलिंडर नागपुरास बोअर होऊन आले, मोठ्या मापाचे पिस्टन बसले, आणि पॉइंट जुळविण्याचे नाजूक काम उरले, तेव्हा आम्ही त्याच्याकडे गेलो. जुने दोन पिस्टन पिशवीत नेले होते. रिंगा मुद्दाम काढल्या नव्हत्या. त्याने ते फिरवून फिरवून पाहिले. कोणी बसविल्या ते त्यास सांगावे लागले नाही. आम्ही सारे सांगितले. तो काही वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “मास्तर, हे मले एकट्याले सांगून काय होते? तेव्हा चार लोकायसमोर बोलले होते. आता बी चार लोकायसमोर सांगाल का?”

तीस-पस्तीस वर्षे वर्गापुढे उभे राहणाऱ्यास बोलण्याचे भय नसते असा समज आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या दुकानापुढे उभे राहून आम्ही बोललो, तेव्हा घशाला कोरड पडली होती. ऐकणाऱ्यांत आमचे जुने विद्यार्थी होते, मिस्त्रीच्या बरोबरीचे दोन म्हातारे होते, आणि ज्यांस त्या प्रकरणाचा गंधही नव्हता असे बरेच होते. कोणी फारसे काही म्हणाले नाही. एका म्हाताऱ्याने पिस्टन हातात घेऊन रिंगेचे टोक अंगठ्याने चाचपले आणि शेजाऱ्याकडे दिला. असा तो पाच-सहा हातांतून फिरला. दादांस गाडीत बसवून आणले होते. ते खाली उतरू शकले नाहीत, पण काच उतरवून एवढे मोठ्याने म्हणाले, “पैसे मी अडवले होते.”

मुलाने दुकानातून एक जुनी वही आणली. तिच्यात मिस्त्रीच्या अक्षरात नोंद होती: राजदूत ३५०, रिंगा व कार्बन, बाकी साठ रुपये. आम्ही पाकीट उघडून काही अधिक पुढे केले. त्याने साठच मोजून घेतले, नोंदीवर आडवी रेघ ओढली, त्या दिवसाची तारीख घातली आणि वही परत फळीवर ठेवली.

बाजारात जे नव्हते, आणि जे गाव सोडून नागपूर-पुण्याकडे गेले, त्यांनी ती जुनी गोष्ट आपल्याबरोबर नेली आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे छापावयास दिले. गाडी अद्याप रस्त्यावर न्यावयाची नाही. नोंदणीचे नूतनीकरण व्हावयाचे आहे. पण मागच्या महिन्यात मिस्त्रीचा मुलगा आमच्या अंगणात आला, पॉइंट जुळविले, प्लग घातले आणि किकवर पाय ठेवला. दादा खाटेवर सरसावून बसले. आमच्या मंडळी ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्याने पाय तसाच ठेवून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “तेल पाहिलं का, मास्तर?”

पाहिले होते. तरी त्याच्यासमोर झाकण उघडून पुन्हा पाहिले.